गाडी घाट का चढत नव्हती

अजिंठ्याला जाऊन आलं की लोक लेण्यांबद्दल विचारतात. मी एकही लेणं पाहिलं नाही. अजिंठा, पिशोर, दौलताबाद असा तीन दिवसांचा फेरा आम्ही मारला आणि त्यातला निम्मा वेळ मी उघड्या बॉनेटपाशी उभी राहून निरनिराळ्या माणसांची निरनिराळी निदानं ऐकत होते. उरलेल्या वेळात मी एका बाईची नोकरी घालवली. त्या बाजूला तुम्ही कधी गेला नसाल तर रस्ते, भाकरी आणि माणसं कशी आहेत तेही सांगेन, पण आधी गाडीचं सांगायला हवं. सगळं तिच्यापासून सुरू झालं.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. अठरा वर्षांची, चौकोनी, जीपच्या जातीची, डिझेलवर चालणारी. अण्णांनी आयुष्यभर छत्रपती संभाजीनगरातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासली आणि सुट्टीच्या दिवशी, आधी सायकलवरून आणि मग याच गाडीतून, गावोगाव पत्रकं वाटली. मी वाचायला शिकले ते त्या पत्रकांवर. आता तशीच पत्रकं मी लिहिते. या खेपेला ग्राहकांच्या हक्कांवरची माझी पुस्तिका छापून झाली होती आणि तीन गावांच्या वाचनालयांना गठ्ठे पोचवायचे होते.

गाडीचा आजार असा होता. सपाटीवर ठीक, चढ आला की दम संपायचा. धूर नाही, खडखड नाही, इंजिन तापत नाही. अॅक्सिलरेटर दाबावा तर ती आपली सरकारी कचेरीतल्या कारकुनासारखी, ऐकलं पण उठणार नाही. शहरातल्या एका गॅरेजवाल्यानं एअर फिल्टर बदलला. दुसऱ्यानं इंजिनात डिझेल फवारणारे नोझल काढून साफ केले. दोघंही शेवटी एकच वाक्य बोलले: "मॅडम, गाडीचं वय झालंय."

या वाक्याचा मला भयंकर राग येतो. वय हे निदान नव्हे. ज्याला कारण सापडत नाही आणि तसं कबूलही करायचं नाही, तो वयावर ढकलतो. अण्णांना मात्र ते पटलं होतं. "विकून टाकू भंगारात," असं ते महिनाभर म्हणत होते, आणि दर वेळी गाडीच्या बाजूनं मलाच भांडावं लागत होतं.

पहिला दिवस: चौक्याचा घाट

शहर सोडलं की फुलंब्रीच्या अलीकडे चौक्याचा घाट लागतो. घाट म्हणजे काही सह्याद्रीचा कडा नाही, पण भरलेल्या वाहनाला कळतो. घाटाच्या अलीकडे एका पंपावर आम्ही डिझेल भरलं. भरणारी बाई माझ्याच वयाची, पंजाबी ड्रेसवर पंपाचा निळा कोट घातलेली. कोटावर नावाची पट्टी: शोभा.

घाटात गाडी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आली, दुसऱ्यावरून पहिल्यावर. अण्णांचा पाय तळाला टेकलेला. मागून मक्याची पोती लादलेला एक ट्रॅक्टर आला आणि आम्हाला ओलांडून पुढे गेला. पोत्यांवर बसलेल्या माणसानं हात केला, "या मागनं मागनं, रस्ता दाखवतो!" अण्णा खळखळून हसले. मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. भेसळ! पुस्तिकेचं चौथं प्रकरण मी त्यावरच लिहिलं होतं. महिनाभर आम्ही याच रस्त्यावरच्या पंपांवर डिझेल भरत होतो.

"गाडी वळवा," मी म्हटलं.

"अगं, चढून तर जाऊ आधी."

"चढत नाहीये म्हणूनच वळवा."

पंपावर शोभा एका रिक्षाला सोडून आमच्याकडे आली. मी तिला सरळ सांगितलं, या डिझेलमध्ये भेसळ आहे.

"नाय ताई. सकाळीच मापलंय. वहीत लिव्हलंय बघा."

"वहीत काहीही लिहिता येतं. माझ्यासमोर मापा. तो ग्राहकाचा हक्क आहे."

"मापते की. माझं काय जातंय? पण ते काचेचं मापायचं सामान हाफिसात हाये, अन् चावी मालकाकडं. जेवायला गेलेत. अर्धा तास थांबा."

"म्हणजे तेवढ्यात निस्तरायला वेळ मिळेल!"

"काय निस्तरू, ताई?" ती म्हणाली. "जमिनीत टाकी हाये. उपसू व्हय?"

अण्णा मध्ये पडले. "थांबू या की अर्धा तास. मी चहा घेतो तोवर." पण मला अजिंठ्याला दिवसाउजेडी पोचायचं होतं, आणि खरं म्हणजे माझी खात्री पटली होती. मी तक्रारवही मागितली. ती देताना शोभा वहीचं दुसरं टोक धरूनच राहिली.

"नका लिहू, ताई. दोन महिने झाले मला लागून. मालक आधीच म्हणतेत, बाई ठेवली की कटकट."

"हे तुमच्याविरुद्ध नाही. व्यवस्थेविरुद्ध आहे."

तिनं वही सोडली. मी पान भरून लिहिलं. भाषा चांगली उतरली होती, हे मला तेव्हाच कळलं. शेवटी 'कामावर कोण होते' असा रकाना होता. तिथे मी 'शोभा' लिहिलं, कारण रकाना रिकामा ठेवणं मला प्रामाणिकपणाचं वाटलं नाही.

अजिंठा

लेण्यांच्या गर्दीपासून अजिंठा गाव वेगळं, काही मैल अलीकडे पडतं. जुनी तटबंदी, दगडी वेस, नदी आणि आपापल्या कामात असलेली माणसं. वाचनालय चालवणारे वाघ सर अण्णांचे जुने मित्र. त्यांच्याकडे मुक्काम. खानदेश इथून घाट उतरला की सुरू होतो, त्यामुळे ताटात कळण्याची भाकरी आली. ज्वारीबरोबर सालासकट उडीद दळायचे, रंगानं काळपट, चवीला खमंग. वर तेल ओतलेला ठेचा. आमच्या घरी ठेचा चिमटीनं घेतात, इथं वाटीनं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा वाघ सर म्हणाले, "रडा, रडा. गाडीचं दुःख पण त्यातच काढून घ्या."

सकाळी त्यांनी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या गॅरेजमध्ये नेलं. त्यानं डिझेलचा फिल्टर काढला, त्यातलं डिझेल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतलं, बाटली उन्हात धरली आणि फिरवून फिरवून पाहिली.

"सर, डिझेल सोन्यासारखं हाये. तळाला पाण्याचा टिपूस नाय."

"भेसळ डोळ्यांना दिसत नसते," मी म्हटलं.

"मग ताई, तुम्हाला कशी दिसली?"

वाघ सर हसले, अण्णा हसले, शेजारचा पंक्चरवालाही हसला. मी त्याला घाटातली सगळी हकिकत सांगितली. त्यानं शांतपणे ऐकलं. "खराब डिझेल असलं तर सकाळी सुरू व्हायला कटकट करती, धूर मारती, झटके देती. ही तर चावीला हात लावला की उठती. आजारी नाय ही. हिला कोणतरी मागून धरलंय."

"कुणी?"

"ते सापडंना," तो म्हणाला. सापडत नाही असं म्हणणारा महिनाभरातला पहिला माणूस. मला त्याच्याबद्दल आदर वाटायला हवा होता. मला चीड आली. नवा फिल्टर घालून त्यानं आम्हाला वाटेला लावलं आणि गावाबाहेरच्या पहिल्याच चढावर गाडीनं पुन्हा मान टाकली.

तिथेच फोन वाजला. वहीत माझा नंबर होता.

"ताई, शोभा बोलते, पंपावरची. मालकानं कोट काढून घेतला. म्हणले, घरी बस. परवा कंपनीचा साहेब तपासायला येणार हाये. तोपर्यंत येऊच नको, अन् नंतर बी बघू."

"हे बेकायदा आहे," मी म्हटलं. "चौकशीआधी काढता येत नाही."

"ते मालकाला सांगा."

"मी तुमच्याविरुद्ध लिहिलेलं नाही. मी व्यवस्थेविरुद्ध..."

"व्यवस्था कोण, ताई? तिथं तर मीच उभी होते."

फोन बंद झाला. अण्णा काचेतून समोर बघत होते. त्यांनी गाडी पहिल्यावर टाकली. सिल्लोडपर्यंत मी मनात एकच हिशेब मांडत होते. डिझेल खराब निघालं तर शोभाला मालकानं बळीचा बकरा केलं, आणि मी तिच्यासाठी लढेन. डिझेल चांगलं निघालं तर? त्या 'तर'पुढे मला जाववत नव्हतं. मला डिझेल खराब हवं होतं.

पिशोर

दिवाळीच्या आगेमागे सिल्लोडकडून पिशोरला जायचं असेल तर निम्मा रस्ता मक्याचा असतो. डांबरावर पिवळाधमक मका पसरलेला, कडेला दगड मांडलेले, आणि बाई दाताळ्यानं दाणे पालथे करत असते. वाहनांनी उरलेल्या निम्म्या रस्त्यातून जायचं. शहरात कुणी रस्त्यावर खुर्ची मांडली तरी आपण भांडतो. इथं ट्रकवाला मागे घेतो, एसटी थांबते, आणि कुणाला त्यात अन्याय दिसत नाही. मला दिसला, पण कुणावर, ते ठरवता येईना.

पिशोरच्या वाचनालयात गठ्ठा दिला, मुक्काम केला. सकाळी वाचनालयाच्या सचिवांनी हारुणभाईंचं नाव सांगितलं. "ट्रॅक्टरचे डॉक्टर हायेत. बोलत्यात लई, पण हात सोन्याचा." बाजाराचा दिवस होता. बाजारवाटेवरच, चिंचेच्या झाडाखाली, त्यांचं दुकान. पांढरी दाढी, कानाला अडकवलेली पेन्सिल. त्यांनी आधी माझं सगळं भाषण ऐकून घेतलं: एअर फिल्टर, नोझल, डिझेल फिल्टर, भेसळ.

"हो गया?" ते म्हणाले. "आता गाडीला बोलू द्या."

त्यांनी अण्णांना गाडी सुरू करून खाली उतरायला सांगितलं. बॉनेटखाली हात घालून, इंजिनाला डिझेल कमीजास्त सोडणारा एक छोटा दांडा असतो, तो त्यांनी बोटानं ओढला. गाडी अशी गरजली की बाजारातल्या दोन शेळ्या दावं ओढून पळाल्या. महिनाभरात तो आवाज मी ऐकला नव्हता.

"इंजन तो शेर है, दादा. कोण म्हणलं वय झालं?" मग ते अण्णांना म्हणाले, "आता तुम्ही बसा. पायडल दाबा. पूर्ण."

अण्णांनी दाबलं. गाडी गुरगुरली, गरजली नाही.

"पूर्ण दाबा!"

"तळाला टेकलाय पाय!"

"कशाचा तळ? इथं दांडा आधाच फिरतोय." त्यांनी वायर हलवून पाहिली. ताणलेली, नीट. मग ते दाराशी आले, गुडघ्यावर बसले आणि अण्णांचा पाय बाजूला करून पायडलखाली हात घातला. थोडा वेळ हात तिथेच राहिला. नंतर त्यांनी रबरी मॅट उचलली. खाली काथ्याची चटई. तीही उचलली.

खाली पत्रकं होती.

इथं आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे छापलेला कागद रद्दीत जात नाही. छापील शब्द काट्यावर मोजून विकायचा नाही, हा अण्णांचा नियम, आणि मला तो लहानपणापासून अभिमानाचा वाटत आला. उरलेली पत्रकं फडताळात अंथरायची, गादीखाली घालायची, पावसाळ्यात गाडीतला चिखल टिपायला मॅटखाली पसरायची. दर पावसाळ्यात एक थर. जुना थर काढायचं मात्र कुणाच्या मनात आलं नव्हतं, कारण काढून टाकणार कुठे? ओल धरून, वाळून, पुन्हा ओल धरून तो गठ्ठा फुगत गेला आणि लाकडासारखा टणक झाला. यंदा पावसाळा सरता सरता त्यावर माझ्या पुस्तिकेच्या चुकलेल्या प्रती पडल्या, चाळीसएक. त्या मीच अंथरल्या होत्या.

हारुणभाई एकेक थर सुटा करत मोठ्यानं वाचत होते. भोवती माणसं जमली होती. "हुंडा घेऊ नका. बरोबर हाये. झाडं लावा. लावली पाहिजेत. दारू सोडा. ग्राहका, जागा हो..." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दादा, इतका उपदेश पायाखाली घातला तर गाडी पळंल कशी?"

बाजार हसला. अण्णांनी मान खाली घातली. पायडल आता तळापर्यंत गेलं, गाडी चिंचेखाली गरजली, आणि हारुणभाईंनी मजुरी घ्यायला साफ नकार दिला. "काय काम केलं मी? मॅट उचलली. ते तर घरात बायका रोज उचलतात." आमच्या घरात ते कुणी करत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. मजुरीऐवजी त्यांनी पुस्तिकेची एक कोरी प्रत मागून घेतली आणि आत जाऊन फळीवर ठेवली.

मी चिंचेच्या पलीकडे जाऊन शोभाला फोन लावला. तिनं उचलला नाही. चार वेळा लावला.

दौलताबाद

पिशोरहून फुलंब्रीवरून सरळ पंप गाठता आला असता. पण दौलताबादच्या वाचनालयाला शब्द दिला होता, असं अण्णा म्हणाले. मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मलाही पोचायची घाई नव्हती.

वेरूळहून खुलताबादला चढणारा घाट गाडीनं तिसऱ्या गिअरमध्ये घेतला. अण्णा लहान मुलासारखे दर वळणावर माझ्याकडे बघत होते. दौलताबादला रस्ता किल्ल्याच्या जुन्या तटातून, दगडी दरवाजातून जातो. एका वेळी एकच वाहन. समोरचा थांबतो, मग आपण जायचं. नंतर आपण थांबायचं. हॉर्न नाही, शिवी नाही. दरवाजाबाहेर टोपल्यांतून सीताफळं मांडलेली. विकणाऱ्या आजीनं एक फळ फोडून माझ्या हातावर ठेवलं. "खा गं, तोंड का असं? किल्ला चढून आलीस व्हय?"

फळ गोड होतं. मी अर्धं अण्णांना दिलं. ते बिया थुंकत म्हणाले, "चूक मीही केली. थर माझेच होते."

"तुम्ही कागद अंथरले, अण्णा. वहीत मी लिहिलं."

पुन्हा तो पंप

संध्याकाळ व्हायच्या आत पंप गाठला. मालक गल्ल्यावर होते. मी तक्रारवही मागितली आणि परवाच्या पानाच्या मागे लिहिलं की माझी तक्रार खोटी होती, दोष माझ्या गाडीत होता. मालकांनी ते वाचलं.

"मॅडम, तक्रार लिहिणारे लई येतात. मागं घेणारं कोणी आलं नव्हतं. याला रकानाच नाय."

"शोभाताईंना परत घ्या."

"साहेब येऊन जाऊ द्या. मग बघू."

त्यांच्याकडून पत्ता घेऊन मी शोभाच्या घरी गेले. घाटाच्या वर, रस्त्याला लागूनच गाव. ती अंगणात कणसं सोलत होती. मला पाहून उठली नाही. मी सगळं सांगितलं, मॅट, पत्रकं, हारुणभाई. तिचा हात चालूच होता.

"मग? काय लिहून आलात?"

"खरं ते."

"ते पान मालक साहेबाला दाखवील व्हय? लिहिलेलं झाकता येतं, ताई. उद्या या. साहेबासमोर, मालकासमोर तोंडानं बोला."

चौथ्या दिवशी साहेब दहाला येणार होते, ते सव्वादोनला आले. मी हवा भरायच्या मशीनपाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. शोभा समोरच्या कट्ट्यावर, साध्या कपड्यांत. एक वाजता तिनं डबा उघडला. आमच्या मराठवाड्यात डबा उघडला की एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही 'या जेवायला' म्हणतात. ज्याच्याशी बांधावरून कोर्ट चालू आहे त्यालाही म्हणतात. शोभा म्हणाली नाही. तिनं भाकरी मोडली आणि रस्त्याकडे बघत जेवली.

साहेबांनी काचेच्या उभ्या भांड्यात डिझेल घेतलं, त्याची घनता मापली, तक्त्याशी ताडून पाहिली. सगळं बरोबर. "मग तक्रार कशाची होती?"

मी उभी राहिले. लिहायला बसले की मला शब्द कमी पडत नाहीत. इथं पहिलं वाक्य सापडायलाच वेळ लागला. मग मी सांगितलं की माझ्या पायडलखाली अठरा वर्षांची पत्रकं होती आणि वरचा थर माझ्याच पुस्तिकेचा होता. डिझेल भरायला थांबलेला एक ट्रकवाला ओरडला, "गाडीला बी शाळेत घातलं का मॅडम?" सगळे हसले. साहेबांनाही हसू आवरलं नाही. हसू ओसरल्यावर ते मालकांना म्हणाले, "बाईंचा काही दोष नाही. कामावर घ्या त्यांना." मालकांनी मान हलवली, आतून निळा कोट आणवला आणि वाजणारा फोन कानाला लावला.

माझं काम झालं होतं. मी गाडीकडे निघाले.

"ताई," शोभा कोटाची बटणं लावत म्हणाली, "एक राहिलं. मापून दाखवते, अर्धा तास थांबा, असं मी म्हणले होते, ते सांगितलं नाय तुम्ही."

खरंच सांगितलं नव्हतं. हसण्याजोगं तेवढं मी सांगून मोकळी झाले होते.

मी साहेबांकडे वळले आणि तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं हात आडवा केला. "असं नाय. मालकांचं फोनवर बोलणं होऊ द्या. त्यांनी ऐकायला पाहिजे."

मालकांचं बोलणं लांबत गेलं. ट्रकवाला निघून गेला, साहेब घड्याळ बघायला लागले. अण्णांनी गाडी सुरू केली आणि माझ्याकडे पाहून बंद केली. शोभानं दोन मोटरसायकलींना पेट्रोल दिलं. मी उभी राहिले. मग मालकांनी फोन खिशात ठेवला, आणि मी सांगितलं.